बापांची लादीन

चर्चमध्ये लादीन होते तेव्हा संतांची नावे एकेक करून घेतली जातात. एका नावानंतर लोक विनंती म्हणतात, मग पुढचे नाव येते. आभारही असेच नाव घेऊन मानावेत. ‘बाबांनी आमच्यासाठी फार खस्ता खाल्ल्या’ हे खरेच असते. पण त्या वाक्यात बाबा दिसत नाहीत. त्यांच्या हातात काय होते, ते कधी उठत, कोणत्या वाटेने जात, हे सांगितले की दिसू लागतात.

वसईच्या किनारपट्टीवर पापडी-सांडोरपासून निर्मळ, नंदाखाल, आगाशीपर्यंत ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या बागायती वाड्या. कुपारी, वाडवळ, ईस्ट इंडियन अशा समाजांची घरे, पाचूबंदरला कोळी. या घरांतल्या बापांनी वापरलेल्या वस्तू आणि पाळलेल्या रीती एकेक करून चालल्या आहेत. चौथी आज्ञा आईबापांचा मान राखायला सांगते. मान राखायचा तर आधी नीट आठवले पाहिजे. म्हणून ही यादी.

रहाट

विहिरीवर उभे चाक, त्यावर दोरांची माळ, माळेला मडकी. पुढे मडक्यांच्या जागी पत्र्याचे डबे आले. शेजारी दात्यांचे आडवे चाक, त्याला जू, जुवाखाली बैल नाहीतर रेडा. जनावर गोल फिरे, भरलेली मडकी वर येत, पन्हळीत रिकामी होत, आणि पाणी पाटाने केळीच्या आळ्यांत पोचे.

पहाटे अंथरुणात रहाटाची करकर ऐकू येई. ती चालू आहे म्हणजे बाबा उठले आहेत, हे पोरांना कळे. जनावर दमले की बाबा त्याला थांबवत. स्वतः थांबत नसत. तेवढ्या वेळात पाटातला गाळ काढत.

मग डिझेलचे इंजिन आले, त्यामागून विजेचा पंप. कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण रहाट जनावराच्या पावलाने पाणी काढी. तेवढ्यात विहीर पुन्हा भरे. पंपाने विहिरी तळापर्यंत गेल्या. आता रहाट दिसतो तो एखाद्या पडक्या विहिरीच्या काठावर कुजताना, नाहीतर रिसॉर्टच्या अंगणात शोभेला मांडलेला.

बावखल

पावसाचे पाणी साठवायला वाडीत खणलेले गोड्या पाण्याचे तळे. कधी एका घराचे, बरेचदा चार घरांत मिळून. पावसाळ्यात ते तुडुंब भरे, पाणी जमिनीत मुरे आणि आजूबाजूच्या विहिरी उन्हाळ्यातही गोड राहत. समुद्र हाकेच्या अंतरावर असलेल्या गावात या पाण्यावर सगळा संसार उभा होता.

बावखले ज्यांनी खणली त्यांची नावे कुठे कोरलेली नाहीत. उन्हाळ्यात बाप आणि काका मिळून गाळ उपसत; तो गाळ बागेला खत म्हणून जाई.

बरीच बावखले भरावाखाली गेली. वसईचे गोडे पाणी टँकरने जाऊ लागले, विहिरींत खारे पाणी शिरू लागले, तेव्हा १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीतर्फे लढा उभारला. त्या मोर्च्यांत आमचे बाप चालले. देवळात शेवटच्या बाकावर बसणारी, सभेत कधी तोंड न उघडलेली माणसे पाण्यासाठी रस्त्यावर आली. पाणी ती स्वतःसाठी मागत नव्हती. आपल्या वाट्याचे त्यांचे पिऊन झाले होते.

पानमळा

पानवेल नाजूक. तिला सावली लागते, ओल लागते आणि रोजचा हात लागतो. पानमळ्यात चप्पल घालून जायचे नाही, मोठ्याने बोलायचे नाही, अशी बाबांची शिस्त. पाने खुडून, निवडून, केळीच्या सोपटात बांधून बाजारात जात. शेतकरी विड्याच्या पानांवर मुलांच्या फिया भरी. मळे गेले. ती शिस्त मात्र त्या घरांतल्या मुलांच्या वागण्यात उरली. देवळात पाऊल हळू कसे टाकायचे हे त्यांना वेगळे शिकवावे लागले नाही.

पहाटेची गाडी

दूध, भाजी, केळी, पाने, फुले. सगळे मुंबईला जाई. गावातून स्टेशन चार-पाच मैल. आधी बैलगाडीने, मग सायकलने. सायकलच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, पुढच्या दांडीला माप अडकवलेले. रस्त्यावर दिवे नव्हते. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून सायकल हाताने ढकलत न्यायची.

गाडीच्या मालडब्यात या माणसांची जागा ठरलेली. अंधेरी, वांद्रे, दादर. जिने चढून घरोघर दूध घालायचे. ज्या मुलांना बाबांनी दूध पोचवले त्यांची नावे बाबांना पाठ होती. कोण आजारी, कोणाची परीक्षा, हेही ठाऊक असे. दुपारी घरी परत, जेवण, थोडी झोप, पुन्हा वाडीत.

आयांनीही भाजीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन हाच प्रवास केला. त्यांची यादी वेगळी आणि याहून लांब होईल.

त्या गाडीने जाणाऱ्यांच्या मुलांनी पुढे पदव्या घेतल्या, बँकांत, शाळांत, विमान कंपन्यांत नोकऱ्या धरल्या. सकाळची गाडी त्यांनीही पकडली, पण हातात कॅन नव्हता. बाबांना नेमके हेच हवे होते.

सुकेळी

आगाशीकडची खासियत. राजेळी केळी पूर्ण पिकवायची, सोलायची आणि मांडवावर उन्हात वाळवायची. रोज सकाळी पसरायची, रोज संध्याकाळी आत घ्यायची, मधमाश्या आणि पाऊस दोन्हींवर लक्ष ठेवायचे. काही दिवसांनी ती मधाच्या रंगाची होतात, मग केळीच्या पानात घट्ट बांधायची. चांगली सुकेळी बाजाराला, तुटकी घरच्या पोरांना. बाबा स्वतः खात नसत. आपल्याला गोड आवडत नाही असे सांगत, आणि आम्ही ते खरे धरून चाललो.

राजेळीच्या बागा कमी झाल्या, वाळवणाला मोकळे अंगण राहिले नाही. सुकेळी करणारी घरे आता बोटांवर मोजण्यासारखी.

शीड

कोळ्यांच्या घरात बाप म्हणजे अर्धा वेळ घरात नसलेला माणूस. इंजिन येण्याआधी होडी शिडावर चाले आणि वारा पडला की वल्ह्यांवर. होडीला संताचे नाव दिलेले, नाळेवर क्रूस रंगवलेला, हंगामाच्या सुरुवातीला धर्मगुरूंकडून आशीर्वादाचे पाणी शिंपडून घेतलेले. येशूचे पहिले शिष्य मासेमार होते. याकोब आणि योहान बाप जब्दी याला होडीत ठेवून येशूमागे गेले, असे शुभवर्तमान सांगते. तो मागे राहिलेला बाप जाळी नीट करत बसला असेल. त्याच्याबद्दल फारसे कोणी प्रवचन करत नाही.

आंजेलसची घंटा

सकाळ, दुपार, संध्याकाळ. घंटा झाली की बाबा फावडे जमिनीत रोवत, डोक्यावरची टोपी काढत आणि उभे राहत. ओठ हलत. देवदूताने मारियेला दिलेला निरोप आठवण्याची ही प्रार्थना. तिला दोन-तीन मिनिटे पुरतात. मग टोपी डोक्यावर, फावडे हातात.

घड्याळ घरात नव्हते. घंटेने वेळ कळे आणि वेळेबरोबर देवही आठवे. प्रार्थना करा असे बाबांनी कधी सांगितले नाही. वाडीच्या मधोमध उघड्या डोक्याने उभा असलेला बाप मुलांनी पाहिला, आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात जे कळले नव्हते ते कळले. आता वाहनांच्या आवाजात घंटा दूरवर जात नाही, आणि गेली तरी वाडीत कोणी नसते.

रात्रीची जपमाळ

जेवणाआधी. कंदील, पुढे विजेचा दिवा. वेदीवर मारियेची आणि येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर. सगळे गुडघ्यांवर, बाबा सुरुवात करत. पाच दशके, एकेक दशक एकेकाने सांगायचे, धाकट्यालाही एक. चुकले तर बाबा ओरडत नसत, पुढचा शब्द हळूच पुरवत.

दिवसभर पाण्यात उभा राहिलेला माणूस तिसऱ्या दशकाला पेंगे. आई कोपराने हलवी. बाबा पुन्हा ताठ होत आणि आवाज थोडा मोठा काढत. दमलेल्या माणसाने रेटून म्हटलेल्या त्या प्रार्थनेवर आमच्या घरांचा विश्वास उभा राहिला. जपमाळेच्या शेवटी गावातल्या आजाऱ्यांसाठी, समुद्रावर असलेल्यांसाठी, मेलेल्यांसाठी एकेक ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना. ज्यांच्याशी बांधावरून भांडण होते त्यांच्यासाठीही. तिथे बाबा क्षणभर अडखळत, पण नाव घेत.

आता घरातले सगळे एका वेळी घरात नसतात. जपमाळ फोनवर ऐकता येते. ऐकावीच. पण तिच्यात बाबांचा पेंगुळलेला आवाज नसतो.

आशीर्वाद

जपमाळ संपली की लहानांनी मोठ्यांपुढे जाऊन आशीर्वाद मागायचा. बाबांचा हात डोक्यावर येई. खरखरीत, चिरा पडलेला, केळीच्या चिकाचे काळे डाग कधीच न गेलेला. दिवसा मार बसला असेल तरी रात्री तोच हात डोक्यावर असे, आणि त्यानंतर राग धरून झोपता येत नसे. लग्नाला निघताना, परीक्षेला जाताना, परदेशी जाताना हाच हात. विमानतळावर अजूनही काही मुले वाकून आशीर्वाद मागतात. मागणाऱ्यांनी लाजू नये.

न समजलेले लॅटिन

आजोबांच्या पिढीने आणि बाबांच्या पिढीने तरुणपणापर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये ऐकली. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि लोकभाषांना वाट मिळाली. त्यानंतर मिस्सा मराठीत आली. शेतकऱ्याला आपल्या भाषेत देवाशी बोलता आले, हे मोठेच झाले.

तरी बाबांच्या तोंडी कधीमधी जुन्या लॅटिन गायनाची ओळ येई. झाड शिंपताना, म्हैस पिळताना. शब्दांचा अर्थ माहीत नव्हता, सूर पक्का होता. ती गाणी येणारी माणसे गावागणिक एक-दोन उरली असतील. कोणाच्या घरात असा म्हातारा असेल तर त्याला गायला सांगावे आणि ध्वनिमुद्रित करून ठेवावे.

झावळी

झावळ्यांच्या रविवारी देवळातून आणलेली झावळी बाबा तसबिरीमागे खोचून ठेवत. तिच्या पात्यांपासून छोटे क्रूस विणत आणि प्रत्येक मुलाच्या हातात एकेक देत. वर्षभराने ती वाळलेली झावळी देवळात परत जाई, जाळली जाई आणि राखेच्या बुधवारी त्याच राखेने कपाळावर क्रूस उमटे. विणायची ती पद्धत बाबांना त्यांच्या बाबांनी शिकवलेली. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी शिकून घेतली नाही.

आगेरा

ऑक्टोबरचा पहिला रविवार. नव्या भाताच्या लोंब्या देवळात आणायच्या, धर्मगुरूंनी आशीर्वाद द्यायचा, मग त्या घरी नेऊन वेदीपाशी ठेवायच्या. नवे धान्य देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचे नाही.

बाबा सर्वांत भरलेल्या लोंब्या निवडत. जमीन आपली, कष्ट आपले, तरी धान्य देवाचे, असे त्यांचे साधे मत. वर्ष वाईट गेले, पावसाने भात झोपवले, तरी लोंब्या नेल्याच. त्या वर्षी निवडायला वेळ जास्त लागला, एवढेच.

शेते बुजलेल्या गावांतही आगेरा होतो, ही आनंदाची गोष्ट. लोंब्या मात्र कधी कधी बाहेरून आणाव्या लागतात.

काळा कोट

एकच. लग्नात शिवलेला. नाताळ, ईस्टर, गावचा सण, मुलांचे बाप्तिस्मे, पहिला ख्रिस्तप्रसाद, मुलीचे लग्न, सगळे त्याच कोटात. मधल्या काळात तो ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांसोबत असे. मुलांना दर नाताळला नवे कपडे आले. बाबांच्या कोटाचे फक्त अस्तर बदलले. कित्येकांचे दफनही त्याच कोटात झाले.

वही

लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. एका बाजूला दुधाचे रतीब, बियाण्याचा खर्च, सोसायटीचे कर्ज, फेडलेले हप्ते. उलटी धरली की शेवटच्या पानावर मुलांची नावे, जन्म आणि बाप्तिस्म्याच्या तारखा, धर्ममाता-धर्मपित्यांची नावे. जे मूल वाचले नाही त्याचेही नाव त्याच अक्षरात, त्याच ओळीत.

या वह्यांत प्रेमाचा एकही शब्द सापडत नाही. पण शाळेच्या फीची नोंद ज्या तारखेला आहे, त्याच्या आदल्या तारखेला दागिना गहाण टाकल्याची किंवा जनावर विकल्याची नोंद सापडते. वही रद्दीत देण्याआधी ती एकदा शेवटपर्यंत वाचावी.

ओटीवरचा बाक

मुंबईला नोकरीला किंवा कॉलेजला गेलेले मूल घरी येईपर्यंत बाबा ओटीवर बसून असत. उशीर का झाला हे फारसे विचारत नसत. ‘जेवून घे,’ एवढे म्हणून दार लावत.

लूकच्या शुभवर्तमानात उधळ्या मुलाचा बाप येतो. मुलगा दूर असतानाच बापाने त्याला पाहिले आणि तो धावत गेला. म्हणजे तो रोज त्या रस्त्याकडे पाहत असणार. येशूने देव कसा आहे हे सांगायला असा बाप निवडला. आमच्या ओटीवर बसलेल्या माणसाने ती गोष्ट शेकडो वेळा ऐकली होती. आपले तिच्याशी काही नाते आहे असे त्याला वाटले नसावे. सदनिकांना ओटी नसते. वाट पाहणे आता फोनवर होते.

छडी

ही वस्तू गेली ते बरे झाले. तसाच गावठी दारूचा शिसा, ज्याने काही घरांची संध्याकाळ नासवली. सगळेच बाप चांगले नव्हते. काहींनी मारले, काहींनी कमाई पिऊन टाकली, काहींनी मुलींची शाळा सोडवली. अशा घरातल्या मुलांना ‘बापाचे उपकार आठव’ असे सांगणे जड आहे, आणि ते सांगताना फार सांभाळून बोलावे.

इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पौल मुलांना आज्ञा पाळायला सांगतो आणि लगेच बापांना बजावतो, मुलांना चिडवून सोडू नका. आज्ञा दोन्ही बाजूंना आहे. कृतज्ञतेसाठी खोटे बोलावे लागत नाही. जेवढे मिळाले तेवढ्याचे आभार, जे दुखले त्याची क्षमा, आणि जमत नसेल तर क्षमा करण्याचे बळ मागणे. तेही ख्रिस्ती माणसाचेच काम आहे.

संत योसेफाची तसबीर

हातात सुतारकामाचे हत्यार, दुसऱ्या हातात लिलीचे फूल. चारही शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडी एक शब्द नाही. तो स्वप्न पाहतो, उठतो आणि सांगितले तसे करतो. रात्रीच बायको-पोर घेऊन मिसर देशाला निघतो. बारा वर्षांचा येशू हरवतो तेव्हा तीन दिवस शोधतो. नाझरेथचे लोक पुढे येशूला सुताराचा मुलगा म्हणूनच ओळखतात.

पोप नववे पायस यांनी ८ डिसेंबर १८७० रोजी योसेफाला अखिल ख्रिस्तसभेचा आश्रयदाता घोषित केले. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली १ मे हा कामकरी योसेफाचा सण ठरवला. पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०२० ते डिसेंबर २०२१ हे वर्ष त्याला वाहिले आणि एक पत्र लिहिले. सगळे जग साथीने घरात कोंडले होते आणि पडद्याआडची माणसे जग चालवत होती, तेव्हा.

आमच्या बापांना हा संत जवळचा वाटे. न बोलणारा, उठून कामाला लागणारा. पोरगे आपले नसूनही ज्याने ते आपले म्हणून वाढवले, तो. दत्तक मुलांचे बाप, अनाथ पुतण्यांना वाढवणारे काका, लहान भावंडांसाठी लग्न न केलेले थोरले भाऊ, यांचाही या लादिनीत हक्क आहे.

सातबारा

शासनाने १९९० साली वसई-विरार भागासाठी सिडकोला नियोजन प्राधिकरण नेमले. २००९ साली महानगरपालिका झाली. मधल्या काळात वाड्यांच्या किमती एवढ्या चढल्या की एका गुंठ्याच्या पैशात बापाची सगळ्या आयुष्याची कमाई मावली असती.

काहींनी जमीन विकली. मुलीच्या लग्नाला, आईच्या ऑपरेशनला, भावांच्या वाटणीला. त्यांना दोष देऊ नये. विहीर खारी झाल्यावर वाडी किती दिवस धरणार? काहींनी नाही म्हटले. दलाल ओटीवर बसून गेले, चहा पिऊन गेले, बाबांनी सही केली नाही. त्यांच्या त्या हट्टामुळे आज जिथे चिंच, आंबा आणि एखादे बावखल शिल्लक आहे, तिथे सगळ्या गावाला सावली मिळते. ही सावली कोणामुळे आहे ते मुलांना सांगावे.

फादर्स डे

जाणाऱ्या वस्तूंत ही एक येणारी. जूनचा तिसरा रविवार. मिस्सेनंतर वडिलांना फूल, मुलांचे गाणे, चहापाणी.

याचे मूळ बाजारात नाही, देवळात आहे. डिसेंबर १९०७मध्ये अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या मोनोंगा इथल्या कोळसा खाणीत स्फोट झाला. साडेतीनशेहून अधिक माणसे मेली. त्यांतले कितीतरी बाप होते. ५ जुलै १९०८ रोजी जवळच्या फेअरमाँट गावातल्या मेथडिस्ट चर्चमध्ये बापांसाठी उपासना झाली. १९१०मध्ये स्पोकेन शहरात सोनोरा स्मार्ट डॉड या बाईंनी हा दिवस सुरू केला. आईमागे त्यांच्या वडिलांनी सहा मुलांना एकट्याने वाढवले होते. ज्या दिवसामागे कामावर गेलेल्या आणि परत न आलेल्या बापांची आठवण आणि एकट्याने मुले वाढवलेल्या बापाचे आभार आहेत, तो नुसत्या भेटकार्डावर उरकू नये.

कबर

२ नोव्हेंबरला मृतांचा दिवस. दफनभूमीत मेणबत्त्या, फुले, कबरींवर आशीर्वाद. जागा कमी असल्यामुळे कबरी काही वर्षांनी पुन्हा वापराव्या लागतात. अस्थी काढून कोनाड्यात किंवा सामाईक जागेत ठेवतात. बापाची म्हणून ओळखू येणारी मातीही कायमची राहत नाही. मिस्सेत त्याचे नाव घेऊन प्रार्थना करता येते. ती राहते.

कुर्बान

मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशू धार्मिक पुढाऱ्यांवर कडक बोलतो. आईबापांना जे द्यायचे ते देवाला अर्पण केले असे जाहीर करून मुले मोकळी होत, आणि परंपरा त्यांना पाठीशी घाली. त्या अर्पणाला कुर्बान म्हणत. येशूने ही पळवाट बंद केली. देवाच्या नावाने बापाचे देणे बुडवता येत नाही.

हे आजच्या वसईत वाचावे. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, आखात. गावात मोठे घर, दारावर कॅमेरा, आत एक म्हातारा आणि एक कामवाली. मुले वाईट नाहीत. पैसे वेळेवर येतात, चर्चच्या छपरालाही देणगी येते. दूर जाणे हे पाप नाही. बाबांनी स्वतःच पाठवले होते. पण देवळाला दिलेली देणगी बापाला न दिलेल्या वेळेची भरपाई करत नाही, हे येशूने इतके स्पष्ट सांगितले आहे की त्यात वाद नाही.

बेनसिराच्या ग्रंथात तर पुढचेही सांगितले आहे. बापाची बुद्धी ढळली तरी त्याला सांभाळून घे, आपण धडधाकट आहोत म्हणून त्याला कमी लेखू नकोस. विसरभोळा झालेला बाप तोच तोच प्रश्न विचारतो. त्याने एकेकाळी आपले असे किती प्रश्न ऐकले, हे आपल्याला आठवत नाही, कारण तेव्हा आपण फार लहान होतो.

शेवटचे सांगणे

ही यादी अपुरी आहे. प्रत्येक घराची वेगळी निघेल. कोकणात निघेल, अहिल्यानगरच्या मळ्यांत निघेल, गोव्यात निघेल.

वडील हयात असतील तर येत्या रविवारी मिस्सेनंतर त्यांच्याजवळ बसा. विहीर कोणी खणली, पहिली गाडी किती वाजताची होती, कर्ज कशासाठी काढले होते, ते विचारा. उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. मग त्यांतल्या एकेका गोष्टीचे नाव घेऊन त्यांचे आभार माना, त्यांच्या तोंडावर, मोठ्याने. त्यांना संकोच वाटेल, तरी माना. वडील नसतील तर त्यांच्या पिढीतला कोणी शेजारी एकटा बसलेला असेल, त्याच्याकडे जा. मेलेल्यांसाठी प्रार्थना कधीही करता येईल. आभार मात्र बाप जिवंत आहे तोवरच त्याला स्वतःच्या कानांनी ऐकता येतात.